रथ हे लढाईतलं लोढणं होतं का?

‘थेट घोड्यावर बसून लढायचं सोडून मागे रथाचं लोढणं कशाला?’ असं तुम्ही विचारलंत, आणि रथ लढाईत होते याचा पुरावा म्हणून दायमाबादला (महाराष्ट्र) सापडलेला तांब्याचा रथ दिलात. प्रश्न रास्त आहे, पण इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात घोड्यावरून नीट लढता येत होतं हे तुम्ही धरूनच चाललाय. तेव्हाचे घोडे ठेंगणे, धड खोगीर नाही, आणि रिकीब तर कितीतरी शतकं पुढची. लगाम सांभाळत दोन्ही हातांनी धनुष्य ओढणार कसं? रथात काम वाटलेलं असे : सारथ्याने घोडे हाकायचे, दुसऱ्याने बाण सोडायचे. इ.स.पू. नवव्या शतकातल्या असीरियन (आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन साम्राज्याच्या) शिल्पांत स्वार जोडीने दिसतात. एकजण दोन्ही घोड्यांचे लगाम धरतो, दुसरा बाण मारतो. म्हणजे रथातलीच जोडी, फक्त रथ काढून टाकलेला!

टीव्ही मालिकांतले सोनेरी अवजड रथ डोक्यातून काढा. इजिप्तचा लढाऊ रथ वाकवलेल्या लाकडाचा, चामड्याने आवळलेला, आऱ्यांच्या चाकांचा, अगदी हलका. तुतनखामेनच्या थडग्यात असे सहा रथ सुटे करून ठेवलेले सापडले.

उपयोग कुठे? इ.स.पू. १२७४च्या सुमारास कादेशला (आजच्या सीरियात) हित्तींच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्राचीन साम्राज्याच्या, रथांनी इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याची वाटचाल करत असलेली एक तुकडी गाठली आणि उधळून लावली. बेसावध किंवा पळत्या फौजेवर रथ म्हणजे काळ. भाले रोखून उभ्या असलेल्या रांगेत मात्र घोडा शिरत नाही.

गौगामेलाच्या लढाईत (इ.स.पू. ३३१) इराणचा सम्राट तिसरा दारयवहू याने रथांसाठी मैदान सपाट करून घेतलं, चाकांना पाती लावली. अलेक्झांडरच्या लोकांनी भालाफेक करून घोडे आणि सारथी टिपले, उरलेल्यांना रांगा उघडून वाट करून दिली. पाच वर्षांनी झेलमकाठी पौरवाच्या (पोरस राजाच्या) मुलाचे रथ चिखलात अडकून निकामी झाले. कर्णाचं चाक रुतण्याची गोष्ट आपण नियतीच्या खात्यात टाकतो, पण रथावरून लढणाऱ्याला ती भीती रोजची असणार.

आता तुमचा दायमाबादचा रथ. तो इथे पुरावा म्हणून चालणार नाही. त्याला बैल जुंपलेत आणि चाकं भरीव आहेत. वस्तू अप्रतिम आहे, पण त्या बांधणीवरून युद्धरथ म्हणता येत नाही.