बर्कली वरचे आणि मर्सेड खालचे?

प्रश्न : बर्कली, डेव्हिस, मर्सेड हे सगळे एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कॅम्पस असल्याचे वाचले. सॅन होजे स्टेट मात्र त्या यादीत नाही. यांतले वरचे कोणते आणि खालचे कोणते, हे तेथील राज्य सरकार ठरवते का?

उत्तर : सरकारने उतरंड लावली आहे, पण ती कॅम्पसांची नसून व्यवस्थांची आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढणार हे दिसू लागले आणि आमदार आपापल्या भागात नवे महाविद्यालय मागू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा बृहत् आराखडा तयार केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष क्लार्क कर हे त्याचे प्रमुख शिल्पकार. शालान्त विद्यार्थ्यांपैकी गुणवत्तेने वरचा अष्टमांश कॅलिफोर्निया विद्यापीठासाठी पात्र, वरचा तृतीयांश राज्य महाविद्यालयांसाठी पात्र, आणि कम्युनिटी कॉलेजांची दारे सर्वांना खुली. तेथे दोन वर्षे शिकून पुढे वरच्या व्यवस्थेत बदली घेता येईल, अशी ती वाटणी होती. खरी रस्सीखेच पीएच.डी.वरून झाली. तो अधिकार विद्यापीठाकडेच राहिला आणि राज्य महाविद्यालयांना केवळ विद्यापीठाच्या जोडीने संयुक्त पदवी देण्याची मुभा मिळाली. शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट स्वतंत्रपणे देण्याची परवानगी मिळायला २००५ साल उजाडले. सॅन होजे स्टेट राज्य महाविद्यालयांच्या या दुसऱ्या व्यवस्थेत येते आणि तिचे विश्वस्त मंडळही वेगळे आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहा कॅम्पसांमध्ये अधिकृत क्रमांक नाहीत. नियामक मंडळ एक, अध्यक्ष एक, प्रत्येक कॅम्पसला स्वतंत्र चॅन्सलर (म्हणजे कॅम्पसचा प्रमुख), आणि प्रवेशाची किमान पात्रता समान. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅम्पसमध्ये तर केवळ आरोग्यविज्ञाने शिकवली जातात आणि पदवीपूर्व अभ्यासक्रमच नाही. त्याला इतरांच्या रांगेत कोठे उभे करणार?

तरीही मर्सेड खालचे वाटते, याचे एक कारण प्रवेशाच्या रीतीतच दडले आहे. पात्र ठरूनही अर्ज केलेल्या कोणत्याच कॅम्पसवर जागा न मिळालेल्या राज्यातील विद्यार्थ्याला मर्सेडची जागा देऊ केली जाते, आणि जे न मागता मिळते त्याची किंमत कमीच होते. बर्कलीचा जन्म १८६८ सालचा, मर्सेडचे पहिले वर्ग २००५ साली भरले. मधल्या काळात जमलेल्या देणग्या, प्रयोगशाळा आणि नावलौकिक क्रमवारीत आपोआप उतरतात. माझ्या मते ही तुलना मर्सेडवर अन्याय करणारी आहे, कारण अमेरिकेतील विद्यापीठांचे गट पाडणाऱ्या कार्नेगी वर्गीकरणाने २०२५ साली त्याला संशोधनाच्या सर्वोच्च गटात बसवले.

क्रमांक नसले तरी कोणत्या कॅम्पसने किती वाढायचे याचे नियोजन होते. त्याचा मुख्य दस्तऐवज म्हणजे प्रत्येक कॅम्पसचा दीर्घकालीन विकास आराखडा. किती विद्यार्थी येतील, वसतिगृहे कोठे उभी राहतील, हे त्यात मांडले जाते आणि सोबत पर्यावरणीय अहवाल द्यावा लागतो. हा अहवाल नुसता सोपस्कार नसतो. मर्सेडसाठी आधी निवडलेल्या जागेवर पावसाळी डबकी आणि त्यांतील संरक्षित झिंगे असल्यामुळे पहिल्या इमारती शेजारच्या जुन्या गोल्फ मैदानावर बांधाव्या लागल्या. बर्कलीत विद्यार्थीसंख्येचा शहरावर पडणारा भार नीट अभ्यासला नाही, अशी तक्रार घेऊन रहिवाशांची संघटना न्यायालयात गेली आणि २०२२ च्या मार्चमध्ये विद्यार्थीसंख्या आधीच्या पातळीवर गोठवण्याचा आदेश राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. त्यानंतर काही दिवसांतच विधिमंडळाने पर्यावरणीय अहवालांचा कायदा दुरुस्त करून तो आदेश निष्प्रभ केला.