भारताने छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली, मग तो भारतावर बंधनकारक का नाही?

कारण नुसत्या सहीने असा करार बंधनकारक होत नाही. सहीचा अर्थ एवढाच, की करार मान्य करण्याचा आमचा इरादा आहे. तोवर त्याच्या मूळ हेतूला सुरुंग लावायचा नाही, एवढं पथ्य पाळायचं. बंधन येतं ते अनुसमर्थनाने, म्हणजे करार पाळण्याला देशाने दिलेल्या अंतिम संमतीने. सरकार तसा दस्तऐवज संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे जमा करतं. छळविरोधी करारात 30 दिवसांची मुदत आहे, त्यानंतर तो त्या देशाला लागू होतो. भारताचा हा दस्तऐवज अजून गेलेलाच नाही.

का गेला नाही? आपल्याकडे अनुसमर्थनाचा निर्णय केंद्र सरकार घेतं, संसदेची मंजुरी लागतेच असं नाही. पण देशातला कायदा बदलायचा असेल तर संसदेत जावंच लागतं. करार अमलात आणणारे कायदे करण्याचा अधिकार संसदेला घटनेचं कलम 253 देतं. या करारानुसार छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा लागतो, म्हणून आधी कायदा, मग अनुसमर्थन असा क्रम धरला गेला. 2010 चं छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं आणि 2014 मध्ये लोकसभा विसर्जित होताच बाद झालं. 2017 मध्ये विधी आयोगाने 273 व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस केली, सोबत विधेयकाचा मसुदाही दिला. एवढं सगळं तयार असताना हे काम पडून राहावं, हे मला अक्षम्य वाटतं.

अनुसमर्थनाने काय फरक पडतो ते विशाखा निकालात दिसतं. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा करार भारताने 1993 मध्ये अनुसमर्थित केला होता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल कायदा नव्हता, तरी 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा आला 2013 मध्ये.

अणुचाचणीबंदी करार मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकलाय. 1996 पासून बहुतेक देशांनी तो स्वीकारला, पण तो लागू होण्यासाठी करारातच नाव घेऊन नमूद केलेल्या 44 देशांपैकी प्रत्येकाचं अनुसमर्थन हवं. भारताने त्यावर सहीसुद्धा केलेली नाही, आणि अमेरिकेच्या सिनेटने 1999 मध्ये तो फेटाळला.

कुठल्याही कराराची बातमी वाचलीत की संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहाच्या संकेतस्थळावर त्याचा स्थितितक्ता उघडा. सहीची तारीख एका रकान्यात असते, अनुसमर्थनाची दुसऱ्यात. दुसरा रकाना रिकामा असेल तर तो देश कराराचा पक्षकार नाही. भरलेला असला तरी खाली देशाने नोंदवलेल्या राखीव अटी वाचा. एखादं अख्खं कलम तिथे वगळलेलं असू शकतं.