बाहेरच्या मदतीने एखाद्या देशाचे रोगनियंत्रण खरोखर बळकट होते का?

आंतरराष्ट्रीय सहकार्यातून देशाची आरोग्ययंत्रणा सक्षम होते, की निधी आटला की सारे पुन्हा जैसे थे होते, असा आपला प्रश्न आहे. अनेक वर्षे ग्रामीण आरोग्यसेवेत काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, मदतीतून रोग शोधण्याची कायमची व्यवस्था उभी राहिली तरच ती टिकते. भारतातील पोलिओ निर्मूलन हे याचे उत्तम उदाहरण आहे.

१९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. पण विषाणू नेमका कुठे फिरतो आहे हे कळल्याशिवाय नुसते डोस पाजून भागणार नव्हते. म्हणून १९९७ मध्ये भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प उभारला. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाच्या हातापायांत अचानक लुळेपणा आला की, निदान काहीही असो, त्याची खबर द्यायची, लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि ते बर्फाच्या पिशव्या भरलेल्या डब्यातून प्रयोगशाळेत पोहोचवायचे, अशी शिस्त बसली. डबा वाटेत तापला तर नमुना वाया जाई, म्हणून प्रयोगशाळेत पोहोचताच तो थंड होता की नाही याचीही नोंद होत असे. परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातील एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये विषाणूची जनुकीय रचना तपासून तो कोणत्या भागातून आला हे सांगता येई. याच केंद्राने २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्यातही विषाणूचा शोध सुरू केला, आणि हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण एकही मूल लुळे पडण्याआधी धोका कळू शकतो.

२००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते. जानेवारी २०१० मध्ये द्विसंयोजी, म्हणजे पोलिओ विषाणूच्या दोन प्रकारांवर एकाच वेळी काम करणारी लस आली, त्या वर्षी ४२ रुग्ण आढळले, आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात शेवटच्या रुग्णाची नोंद झाली. २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

यात रोटरी आणि युनिसेफचाही मोठा वाटा होता; परंतु खर्चाचा बराचसा भार भारतानेच उचलला, हे आवर्जून सांगायला हवे. हीच यंत्रणा पुढे गोवर-रुबेलाच्या सर्वेक्षणासाठीही वापरली गेली. मात्र त्यातील पदे राज्यांनी स्वतःच्या अंदाजपत्रकात कायम करायला हवीत, असे मला कळकळीने वाटते. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात पोलिओचा मूळ, म्हणजे निसर्गात आढळणारा विषाणू अजून फिरत असल्याने आपल्याला नमुने घेणे थांबवता येणार नाही.