अलिबागला जायचं तर तिथी बघून जा

लातूर

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. गेटवे, घारापुरी, अलिबाग आणि मुरुड-जंजिरा, एवढं सगळं एका दिवसात उरकायचं तुम्ही चौघींनी ठरवलंय. त्यातलं घारापुरी आणि जंजिरा आधी खोडून टाक. जंजिरा अलिबागच्या पुढं पन्नासेक किलोमीटरवर आहे, जाऊन येण्यातच दिवस सरेल. घारापुरीला पुन्हा कधीतरी वेगळा दिवस द्या, सोमवार सोडून, कारण सोमवारी लेणी बंद असतात. त्याआधी आपल्या वेरूळचं २९ क्रमांकाचं धुमार लेणं सावकाश बघून घ्या. दोन्हींची मांडणी एका वळणाची आहे. वेरूळ पाहिलेल्या माणसाला घारापुरीत जे दिसेल, ते नुसता फोटो काढून परतणाऱ्याला दिसायचं नाही.

राहिले मुंबई आणि अलिबाग. मधे समुद्र, वर लाँच. एका दिवसाला हे भरपूर आहे.

रात्रीच्या गाडीनं सकाळी सीएसएमटीला उतरलात की तडक गेटवेला जा. पंचम जॉर्ज १९११ साली आला त्याची आठवण म्हणून ही कमान बांधायला घेतली आणि ती पुरी झाली १९२४ला. पुढं २८ फेब्रुवारी १९४८ला शेवटची ब्रिटिश पलटण इथूनच मायदेशी गेली. कमानीखाली उभं राहून एवढं मनात आणा आणि मग तिकिटाच्या रांगेला लागा. मांडव्याची लाँच इथूनच सुटते, तासाभरात पोचवते. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. काही लाँचच्या तिकिटातच पुढची बस धरलेली असते, ते खिडकीवर विचारून घे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट माणसं नेणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून आहे, ती हवा बरी असली तर पावसाळ्यातही चालते. पण पहिल्यांदा जाताय, तर थंडीतच जा.

थंडीत लाँचच्या मागं कुरव पक्ष्यांचा थवा लागतो. इतके जवळ येतात की डोळ्याभोवतीचं कडं दिसतं. लोक त्यांना वेफर्स, कुरकुरे टाकतात. तुम्ही टाकू नका. ते पक्षी फार लांबून इथं हिवाळा काढायला आलेले असतात, त्यांना समुद्रातलं त्यांचं खाणं खाऊ दे.

लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा. कुणी हसलं तरी काढायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला अपघात झाला आणि माणसं गेली. आपल्याकडच्या बहुतेकांना पोहायला येत नाही, हे विसरू नकोस. मळमळतं म्हणतेस, तर बोटीच्या मधल्या भागात बस आणि मोबाइलऐवजी लांब क्षितिजाकडं बघत राहा.

आता खरी गोष्ट. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली जाते. म्हणून तारीख ठरवताना सुट्टीआधी तिथी बघ. घरात भिंतीवर कालनिर्णय आहेच. कोकणातली जुनी रीत अशी, की तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहा पाऊणे साडेचार. पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती, म्हणजे मधे सकाळी साडेदहा-अकराला ओहोटी. तुम्ही अलिबागला दहा-अकरापर्यंत पोचता, तेव्हा पंचमी-षष्ठी तुमच्या सोयीची. शुक्ल असो की वद्य. पौर्णिमा-अमावास्येला ऐन दुपारी उधाणाची भरती असते, त्या दिवशी किल्ला लांबूनच बघावा लागेल. अष्टमीच्या आसपास भांगाची ओहोटी, पाणी फारसं हटत नाही, तेव्हा घोडागाडी करा. हिशोबात अर्ध्या-एक तासाचा फरक पडतो, म्हणून वाळूत उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचार, आणि परत कधी निघायचं तेही त्यालाच विचार. तो सांगेल त्याच्या अर्धा तास आधी निघा.

किल्ल्यावर तटाचे दगड हात लावून बघ. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथंच मोडतो. नळदुर्गला बोरी नदी अडवून तिच्यात पाणीमहाल बांधणारे कारागीर तू पाहिलेस, म्हणजे त्यांचं काम पाहिलंस. आता खाऱ्या पाण्याशी झुंजणाऱ्यांचं बघ. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला पुढं कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे, तिथं जाऊन या.

आणि किल्ल्यातलं गोडं पाणी बघितल्याशिवाय परतू नका. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर, तेव्हा तू लहान होतीस. घागरी घेऊन टँकरपुढं उभं राहिलेल्या आपल्या गावाला किल्ल्यातलं ते पाणी बघून जे समजेल, ते मुंबईकराला समजावून सांगावं लागतं. तू तिथं जरा वेळ थांब, एवढंच माझं म्हणणं.

जेवणाचं काय ते तुम्ही बघा. आईनं दिलेले धपाटे बोटीत खा, अलिबागला तांदळाची भाकरी आणि सोलकढी घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर गेलात तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. एक माळ वडिलांसाठी आण, कांदा पिकवणाऱ्याला तो हातात घेऊन बघायचा असतो.

मांडव्याला उतरल्या उतरल्या परतीची शेवटची लाँच कितीला आहे ते विचार आणि तिच्या आधीचीच धर. रात्रीची गाडी गाठायची आहे. वारा सुटला तर लाँच अचानक बंद ठेवतात. तसं झालं तर तिथं वाट बघत बसू नका, अलिबागच्या एसटी स्टँडवरून पनवेलची गाडी पकडा. रस्त्यानं मुंबई शंभरेक किलोमीटर आहे. तेवढे पैसे वेगळे काढून ठेव.

तारीख ठरली की कळव. तिथीचा हिशोब तू करून पाठव, मी तपासून देतो.

तुझे,
सर