४ फुटांच्या टाकीत ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, जॅग्वार मिळून किती मासे राहतील?

प्रश्न दर्यापूर तालुक्यातल्या गावातून आलेला आहे. टाकी ४ × १.५ × १.५ फुटांची, पाणी बोअरचं. आत ३-३ इंचांचे २ ऑस्कर, १ फ्लॉवरहॉर्न, १ जॅग्वार आणि २ पॅरट. "सध्या मजेत आहेत, अजून दोन टाकू का?"

टाकू नका, भाऊ. उलट त्यातले पाच काढा.

आधी टाकीचा हिशेब. ही टाकी ९ घनफुटांची. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे कागदावर २५५ लिटर. वरची तीन इंच मोकळी जागा आणि तळाची रेती वजा केली की पाणी २०० लिटरच्या आसपासच उरतं. पण या माशांसाठी लिटरपेक्षा तळ महत्त्वाचा, कारण त्यांची भांडणं जागेवरून होतात आणि ती जागा तळाची असते. तुमच्या टाकीची रुंदी १८ इंच. ऑस्कर १२ इंचांपर्यंत जातो, जॅग्वार त्याहून मोठा. १२ इंचांचा मासा १८ इंचांत कसाबसा वळतो, दुसऱ्याला त्याच्या बाजूनं जायला वाट राहत नाही. नदीत हरलेला मासा पळून जातो. टाकीत तो हीटरमागच्या कोपऱ्यात नाहीतर वर पृष्ठभागाशी तिरपा उभा राहतो, रंग काळवंडतो, खाणं सोडतो आणि आठ-पंधरा दिवसांत मरतो. आपण म्हणतो, "रोग आला."

३ इंचांची पिल्लं एकत्र फिरतात त्यावर जाऊ नका. ५-६ इंचांना वयात येऊ लागली की चित्र पालटतं. फ्लॉवरहॉर्न ही १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तयार केलेली जात, तिला सोबत खपत नाही. पॅरटही संकरितच, पण त्याचं तोंड नीट मिटत नाही, त्यामुळे चावा घेऊन प्रतिकार करता येत नाही. जॅग्वारसमोर तो टिकणार नाही.

म्हणून ४ फुटांत एक फ्लॉवरहॉर्न एकटा, किंवा एक ऑस्कर एकटा. बस.

"गर्दी केली की मारामारी वाटली जाते" हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या लहान, म्हणजे ४-५ इंची सिक्लिडसाठी (तुमचे ऑस्कर, जॅग्वार वगैरेही याच सिक्लिड कुळातले). त्यांच्यात एका नरामागे तीन-चार माद्या धरून १२-१५ मासे याच टाकीत ठेवता येतात, फिल्टर दणकट असेल तर. फूटभर लांबीच्या अमेरिकन सिक्लिडला तो नियम लावला की मारामारी वाटली जाण्याआधी पाणी नासतं.

आणि आपल्याकडे खरा प्रश्न पाण्याचाच आहे. किती मासे हे ठरवताना मे महिन्यातली रात्र डोळ्यांसमोर आणा: खोली तापलेली, पाणी ३४-३५ अंशांवर, लाइन गेलेली. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना ७ च्या आत. त्याच वेळी माशाची आणि फिल्टरमधल्या जिवाणूंची गरज मात्र वाढलेली असते. जानेवारीत पाच मासे चालले म्हणून मेमध्ये चालतील असं नाही.

लाइन गेल्यावर लागेल म्हणून १२ व्होल्टचा डीसी एअर पंप घेऊन ठेवा. फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी ५-६ वॅटचा पंप रात्रभर ओढते. पण फक्त बॅटरीच वापरा. त्या फवारणी पंपाची नळी, बादली किंवा फवारणीचे हात टाकीजवळ आणू नका. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अत्यंत विषारी असतात. डासांच्या बऱ्याच अगरबत्त्या आणि लिक्विडही त्याच गटातली, आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो, तेव्हा तीही त्या खोलीत नकोत.

बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर पाच-सहा तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं. लाइन आली की तसाच सुरू करू नका, डब्यातलं पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्याच पाण्यात हलवून घ्या, मग लावा. आपल्या भागात मला दोन मोठे स्पंज फिल्टर आणि एक टॉप फिल्टर हीच जोडी बरी वाटते.

गारवा हवा तर झाकणाच्या काचेऐवजी जाळी लावा (घट्ट, ऑस्कर उडी मारतो) आणि पृष्ठभागावर तिरपा टेबल फॅन सोडा. आपली मेची हवा कोरडी असते, म्हणून कूलरसारखंच हेही चालतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना २०० लिटरमधली जवळपास ३ अंशांची उष्णता जाते. एका लिटरची गोठवलेली बाटली मात्र जेमतेम अर्धा अंश उतरवते. त्या दिवसांत खाणं निम्मं करा. लाइन नसेल त्या दिवशी काहीच देऊ नका, मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही.

आता तुमचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेला भाग. वाफेनं पाणीच जातं, क्षार मागे राहतात. कमी झालेली पातळी बोअरनं भरत गेलात तर टाकी दर आठवड्याला जास्त खारी होते. भर आरओच्या जारनं किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं घाला. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घ्या आणि बोअरचा, टाकीचा असे दोन्ही आकडे लिहून ठेवा. शिवाय माशांच्या मैल्यातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, आणि पीएच ८ च्या पाण्यात तोच अमोनिया पीएच ७ पेक्षा नऊ-दहा पट जास्त विषारी रूपात असतो, म्हणून जास्त मासे आणि जास्त खाणं आपल्याला लवकर भोवतं. आठवड्याला ४०-५० टक्के पाणी बदला, म्हणजे तुमच्या टाकीत २० लिटरच्या चार-पाच बादल्या. नळाचं पाणी घेणार असाल तर ग्रामपंचायतीनं विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं त्या दिवशी घेऊ नका. एरवीही ड्रममध्ये एअर स्टोन सोडून २४ तास ठेवा. निघालेलं पाणी फार खारं नसेल तर परसातल्या झाडांना घाला, नायट्रेटचं खतच आहे ते.

एकाहून जास्त मासे ठेवायचेच असतील तर ६ × २ × २ ची टाकी, सुमारे ६८० लिटर. त्यात २ ऑस्कर, १ ग्रीन टेरर आणि ५-६ सिल्व्हर डॉलर, यापुढे नाही. सगळे एकाच वेळी, एकाच मापाचे सोडा. नंतर कुणी घालायचाच असेल तर दगड आणि कुंड्या हलवून टाकीची मांडणी पूर्ण बदला, जुन्यांना आधी खाऊ घाला, दिवा बंद करून सोडा. लपायला ६ इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे चालतात, पण दोन्ही तोंडं उघडी हवीत. एक तोंड बंद असेल तर लपलेला मासा आतच कोंडून मार खातो. कुणी जोडी जमवून अंडी घातली तर निम्मी टाकी त्यांची, तेव्हा मधे जाळीचं पार्टिशन लागेल ते आधीच कापून ठेवा.

या टाकीचं वजन काचेसकट ८०० किलोच्या आसपास जातं. काळ्या मातीवरची फरशी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात खचते. स्टँडची पाणसळ जूनमध्ये आणि दिवाळीनंतर तपासा, नाहीतर सिलिकॉनचा सांधा कोपऱ्यातून सुटतो.

काढलेले पाच मासे दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्याला. शेततळ्यात, तलावात, पूर्णा नदीत सोडू नका. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापियाही सिक्लिडच, आणि तो किती तलावांत पसरला ते बाजारात दिसतंच.