‘शी इज कोल्ड’ लिहिण्याआधी

नागपूर

प्रिय लेकरा,

आजीवरचा तुझा परिच्छेद वाचला. नऊ ओळींत ‘व्हेरी’ सहा वेळा आणि ‘सॉफ्ट’ पाच वेळा आलाय, पण ते राहू दे जरा. तिसऱ्या ओळीत तू लिहिलंस, ‘शी इज अ सिंपल अँड कोल्ड पर्सन.’ तुला म्हणायचं होतं की आजी साधी आहे आणि तिचं डोकं थंड असतं. इंग्रजीत वाचणाऱ्याला मात्र ती बुद्धीनं बेताची आणि माया नसलेली बाई वाटेल. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून देणाऱ्या बाईवर हा अन्यायच झाला, बाप्पा!

‘सिंपल’ हा शब्द राहणीला चालतो. ‘शी लिव्हज अ सिंपल लाइफ’ बिनचूक आहे. तोच माणसाला लावला की भोळसटपणाकडे, कधी मंदबुद्धीकडे झुकतो. तुला हवा आहे ‘अनअस्यूमिंग’, म्हणजे मोठेपणाचा आव न आणणारी, किंवा बोलण्यात ‘डाउन-टू-अर्थ’. ‘होमली’ तर अजिबात नको. अमेरिकेत कुणाला होमली म्हणणं म्हणजे दिसायला यथातथाच म्हणणं. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातींनी तो शब्द कौतुकाचा करून ठेवलाय, तो तिथेच राहू दे.

आता ‘थंड’. मराठीत थंड डोकं चांगलं, पण ‘माणूस एकदम थंड आहे’ म्हटलं की तो हलत नाही, कामाला लागत नाही असा अर्थ होतो. इंग्रजीत या दोन थंडपणांना दोन वेगळे शब्द आहेत. पहिला ‘कूल-हेडेड’, दुसरा ‘स्लगिश’. ‘कोल्ड’ या दोन्हींत बसत नाही, तो फक्त माया आटल्याचा. आणि नुसता ‘कूल’ही फसवा आहे. मित्राला ‘कूल’ म्हटलंस तर कौतुक, पण ‘शी वॉज कूल टुवर्ड्ज मी’ म्हणजे ती माझ्याशी तुटक वागली.

आजीसाठी सगळ्यांत नेमका शब्द सी-ए-एल-एम, म्हणजे शांत. त्यातला एल बोलायचा नाही, उच्चार जवळजवळ आपल्या ‘काम’सारखा. गंमत बघ, बरेच कोशकार त्याचं मूळ उष्णतेसाठीच्या ग्रीक शब्दात शोधतात. दुपारी उन्हाचा कडाका वाढला की काम थांबायचं, लोक सावलीला विसावायचे, आणि उष्णतेचा शब्द शांततेचा झाला. मे महिन्यात दुपारी दोनला सीताबर्डीचा रस्ता पाहणाऱ्याला ही व्युत्पत्ती वेगळी समजवायला नको.

तुझी मुख्य अडचण मात्र स्पर्शाच्या ओळींत आहे. वारा सॉफ्ट, हात सॉफ्ट, उजेड सॉफ्ट, वरण सॉफ्ट, ऊनही सॉफ्ट. मराठीत तू या सगळ्यांना ‘मऊ’ म्हटलं असतंस का? नाही. झुळूक मंद, हात हळुवार, ऊन कोवळं. इंग्रजीतही तेवढीच निवड करावी लागते, म्हणून प्रत्येक वेळी विचार, इथे नेमकं काय कमी आहे?

टणकपणा किंवा प्रखरपणा कमी असेल तर ‘सॉफ्ट’. उशी, आवाज, उजेड. जोर कमी असेल, म्हणजे जोर लावता आला असता पण लावला नाही, तर ‘जेंटल’. हात, उतार, मंद आच, आठवण करून देणं. म्हणून आजीच्या तळव्यांना घट्टे असले तरी तिचा स्पर्श ‘जेंटल’ असू शकतो, ‘सॉफ्ट’ नाही. हे तुझ्या परिच्छेदात फार उपयोगी पडेल. जी गोष्ट एरवी झोंबते तिची तीव्रता कमी असेल तर ‘माइल्ड’. ताप, हिवाळा, साबण, तिखट. (सावजीच्या दुकानात ‘माइल्ड’ मागून बघ, शब्दाचा अर्थ वेटरच्या चेहऱ्यावर कळेल.) वजन किंवा प्रमाण कमी असेल तर ‘लाइट’. पाऊस, झोप, जेवण. आणि आहे की नाही असं वाटण्याइतकं कमी असेल तर ‘फेंट’. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीच्या दाराशी फेंट असतो. कूलरसमोर बसल्यावर मात्र नसतो, तिथे ‘अर्दी’ (मातीच्या वासाचा) किंवा ‘फ्रेश’ लिही.

वाऱ्याच्या बाबतीत तर इंग्रजीत मोजमापच आहे. फ्रान्सिस ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्यानं 1805 मध्ये वाऱ्याची जी श्रेणी आखली, तिच्या आजच्या रूपात ताशी 6 ते 11 किलोमीटरचा वारा ‘लाइट ब्रीझ’. तो चेहऱ्याला कळतो, पानं सळसळतात. 12 ते 19 चा ‘जेंटल ब्रीझ’, त्यात पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात. तू फुटाळा तलावावरच्या संध्याकाळचं लिहिताना झाडाकडे बघून शब्द निवडू शकतोस. इतकी सोय दुसऱ्या कुठल्या विशेषणाला नाही.

दोन शब्द खास सांभाळ. ‘टेंडर’ म्हणजे कोवळं, प्रेमळही, पण शरीराच्या भागाला लावला तर दाबल्यावर दुखणारं. ‘हर नीज आर टेंडर’ लिहिलंस तर आजीला डॉक्टरकडे न्यावं लागेल. दुसरा ‘ल्यूकवॉर्म’. कोमट पाण्याला ठीक, पण स्वागताला, प्रतिसादाला लावला की उत्साह नसल्याची तक्रार. सुखाची ऊब सांगायची तर ‘वॉर्म’, सुखाचा गारवा सांगायचा तर ‘कूल’. ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ हे सहसा सोसायचे शब्द.

व्याकरणाचं थोडक्यात. ‘द क्विल्ट फील्स सॉफ्टली’ चूक, ‘फील्स सॉफ्ट’ बरोबर. गोधडी कसला स्पर्श करत नाही, ती तशी लागते, म्हणून क्रियाविशेषण नको. जे निवांत करतं ते ‘रिलॅक्सिंग’, जो निवांत होतो तो ‘रिलॅक्स्ड’. ‘आय वॉज रिलॅक्सिंग’ म्हणजे मी आराम करत होतो, पण ‘आय अ‍ॅम अ रिलॅक्सिंग पर्सन’ म्हणजे माझ्यामुळे इतरांना आराम पडतो. विशेषणांचा क्रम आपलं मत, मग स्पर्श, मग वय, मग कापड असा: ‘अ लव्हली सॉफ्ट ओल्ड कॉटन क्विल्ट’. उलटसुलट केलंस तर अर्थ कळतो, पण कानाला खटकतं.

आता स्वभाव. इथे शब्द उतरणीवर उभे आहेत, एक पाऊल पुढे गेलं की कौतुकाची तक्रार होते. ‘ईझीगोइंग’ म्हणजे कुणाशीही जमवून घेणारा. आपण ‘अ‍ॅडजस्टिंग नेचर’ म्हणतो तिथे हाच लिही. ‘लेड-बॅक’ जरा बोलभाषेतला, मित्राला चालेल, पण नोकरीच्या मुलाखतीत स्वतःला लावू नकोस, ढिला वाटशील. पुढे ‘नॉनशलंट’, ज्याला काही पडलेलीच नाही. हा फ्रेंचमधून आला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘ऊब असणे’ हा धातू आहे आणि पुढे नकार. म्हणजे शब्दशः आपला ‘थंड’च! त्याच्याही पुढे ‘इंडिफरंट’, म्हणजे पूर्ण उदासीन. तसंच ‘केअरफ्री’ म्हणजे चिंतामुक्त आणि ‘केअरलेस’ म्हणजे निष्काळजी, हे तुला ठाऊक आहे. पण ‘समाधानी’साठी तू ‘कंप्लेसंट’ लिहिलास, त्याचा अर्थ आहे त्यातच खूश राहून सुस्तावलेला. तिथे ‘कंटेंटेड’ हवा. ऑक्सफर्डच्या अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीत अशा शब्दांपुढे ‘डिसअप्रूव्हिंग’ अशी खूण असते. अर्थाआधी ती बघायची सवय लाव. साध्या दुभाषी कोशात ती सहसा सापडत नाही, म्हणूनच हे घोटाळे होतात.

आजीसाठी आणखी दोन शब्द ठेव. ‘अनफ्लॅपेबल’, जिची कशानेही तारांबळ उडत नाही. आणि ‘मेलो’. हा मुळात पिकून मऊ-गोड झालेल्या फळाचा शब्द. वयानं तिखटपणा उतरलेल्या माणसाला तो संत्र्यासारखा लागू पडतो: ‘शी हॅज मेलोड विथ एज.’ पण आजी तरुणपणीही चिडकी नसेल, तर हा वापरू नकोस.

सराव असा कर. चौदा दिवस, रोज दहा मिनिटं, तीन जोड्या. सुटा शब्द लिहायचा नाही, नामासकट लिहायचा, आणि शेजारी न चालणारी जोडी खोडून ठेवायची: ‘माइल्ड फीव्हर’, खोडलेलं ‘जेंटल फीव्हर’. बेचाळीस जोड्या पुरेत. दोनशे सुटे शब्द पाठ केलेली मुलं बोलताना पुन्हा ‘व्हेरी सॉफ्ट’वरच येतात, कारण शब्द आठवतो, त्याचा शेजारी आठवत नाही.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, बोलण्याच्या चाचणीच्या दुसऱ्या भागात तयारीला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं मिळतात. त्या मिनिटात वाक्यं लिहू नकोस, चार जोड्या लिही. गुणांत शब्दसंपत्तीला चारपैकी एक वाटा असतो, आणि तिथे जोडी जुळते का हेही पाहतात. अवघड शब्द चुकीच्या शेजाऱ्याजवळ बसवण्यापेक्षा सी-ए-एल-एम हा ‘काम’ बरोबर बोललेला चांगला.

तुझ्या पहिल्या ओळींचं मी इतकंच केलंय: ‘माय ग्रँडमदर इज अ काम, अनअस्यूमिंग वुमन. हर हँड्ज आर रफ, बट हर टच इज जेंटल. द ओल्ड क्विल्ट शी मेड फील्स सॉफ्ट अँड स्मेल्स फेंटली ऑफ नीम.’ शेवटच्या वाक्यात ‘फेंटली’ला शेपूट का लागलं आणि ‘सॉफ्ट’ला का नाही, ते तू शोध. उरलेल्या सहा ओळी गुरुवारपर्यंत पाठव, ‘व्हेरी’ एकदाच चालेल.

तुझे सर