दमा नसलेल्या मुलाचं दम्याचं सर्टिफिकेट

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, नीटची तयारी सुरू आहे. कॉलेजने प्रथमोपचार आणि पूरबचावाचं शिबिर सक्तीचं केलंय. त्याला मार्क काहीच नाहीत. ओळखीच्या डॉक्टरांकडून दम्याचं सर्टिफिकेट आणून सूट घेतली, तर आता मुलगाच हट्टाला पेटलाय. शिबिर करून एनडीआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात, जातो म्हणतो. सरकारने असल्या गोष्टींची सक्ती करावी का? त्याला कसं समजवावं? — एक पालक, भिलवडी

उत्तर : नीटचं राहू द्या, आधी त्या सर्टिफिकेटचं बोलू. मुलाला दमा नाही हे तुम्हाला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे आणि मुलालाही. ज्याला डॉक्टर करायला निघालात, त्याला त्या पेशातली खोटी सही तुम्हीच आधी दाखवलीत. तीही कशासाठी, तर दोन-चार दिवस अभ्यास बुडू नये म्हणून! उद्या एखाद्या भरतीच्या मेडिकलला हाच कागद आडवा आला, तर काय सांगणार? पत्रभर तुम्ही काय ठरवलंय तेच आहे. मुलाला काय हवंय ते एका ओळीत आलं, तेही तक्रार म्हणून.

सक्ती करावी का? करावी, आणि भिलवडीत तर आधी करावी. 2005, 2019, 2021 चे पूर तुम्हाला मी काय सांगायचे? 8 ऑगस्ट 2019 ला तुमच्याच पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, ती क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होती. पोहता येणारे गावात असतातच. ‘आता एकही माणूस चढणार नाही’ असं ठणकावणारं कुणीतरी लागतं. बुडणाऱ्यामागे उडी टाकायची नसते, काठावरून दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेकायची असते. हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. हे वाचून येत नाही. सरावाच्या पुतळ्यावर हात भरून येईपर्यंत करावं लागतं.

मार्क मात्र नकोतच. आपल्याकडे ग्रेड आली की वही येते आणि वही आली की उतरवाउतरवी. जलसुरक्षा आणि पर्यावरणाच्या प्रकल्पांचं काय झालं, ते कुठल्याही पोराला विचारा. जर्मनीत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय ड्रायव्हिंग लायसन्स मिळत नाही. आपल्या आरटीओने तेवढं केलं तरी मी खूश.

आता चिरंजीवांचा गैरसमज. शिबिराचं प्रमाणपत्र दाखवून एनडीआरएफमध्ये थेट घेत नाहीत. तिथले जवान बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी यांसारख्या दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. म्हणजे आधी त्या दलात भरती, तिथली नोकरी, बदल्या, सीमेवरची ड्यूटी. मग कधीतरी तो नारंगी गणवेश. ‘हमखास एनडीआरएफ भरती’ म्हणून कुणी फी मागितली, तर एक रुपया देऊ नका.

बाकी वाटा नेहमीच्याच. नीट देऊ दे. बारावीला गणित असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची फायर इंजिनिअरिंगची पदवी बघा. पदवीनंतर मुंबईच्या ‘टिस’मध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) आपत्ती व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे. पण यातलं त्याच्यासाठी काय योग्य, ते त्याच्याशी बोलल्याशिवाय मी सांगणार नाही.

तुम्ही उद्या कॉलेजात जाऊन ते सर्टिफिकेट मागे घ्या. जाताना मुलाला सोबत न्या आणि प्राचार्यांशी त्याच्यासमोर बोला. पुढचं पत्र त्याला लिहू द्या. पाठवण्याआधी तुम्ही ते तपासायचं नाही.